‘बसा’ म्हणायची शिकवणी

शाळेत ‘पालक’ हा शब्द दोनच ठिकाणी वापरतात. एक परिपत्रकात आणि दुसरं धमकीत. “उद्या पालकांना घेऊन ये,” हे वाक्य मी आधी शिक्षिका म्हणून उच्चारलं आणि पुढे मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसून रोज ऐकलं. पोरं छडीला भीत नव्हती, पण या वाक्यानं त्यांचा चेहरा उतरायचा. मला पुष्कळ उशिरा कळलं की घरी पालकांचा चेहरा त्याहून जास्त उतरायचा.

आमची शाळा कोल्हापुरात, उद्यमनगरच्या अंगाला. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. भोवती फौंड्र्या, लेथची वर्कशॉपं, चहाच्या टपऱ्या. वर्गात त्रिकोणमिती चालू असताना बाहेर लोखंडावर घण पडायचा, आणि आमच्या पोरांना तो पडल्याशिवाय त्रिकोणमिती कळत नसे. पालक सगळे कष्टाचे. कोणी मोल्डर, कोणी रिक्षावाला, कोणी घरोघरी पोळ्या लाटणारी.

हा पालक शाळेत आला की काय व्हायचं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. फाटकावर म्हादूमामा शिपाई. तो आधी विचारणार, “काय काम हाय?” काम सांगितलं की म्हणणार, “थांबा.” मग व्हरांड्यात थांबायचं. तास संपेपर्यंत थांबायचं, सर हजेरी पुरी करेपर्यंत थांबायचं, मग मी फोनवर असले तर तो संपेपर्यंत थांबायचं. ऑफिसात जादा खुर्च्या दोन होत्या. एक संस्थेच्या अध्यक्षांसाठी राखीव, ते वर्षातून एकदा यायचे. दुसरीवर फायली. म्हणजे आमच्याकडे फायलींना बसायला खुर्ची होती, पालकांना नव्हती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

पोरांनी यावर उपाय काढला होता, तो म्हणजे भाड्याचा काका. रिक्षा स्टॉपवरचे एक गृहस्थ आमच्या शाळेत आठवीच्या एका पोराचे काका म्हणून आले, खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, “आता न्हाय करणार त्यो,” असं म्हणून गेले. पंधरवड्यानं नववीच्या दुसऱ्याच पोराचे काका म्हणून आले. आडनाव वेगळं, जात वेगळी, काका तोच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, “तुमच्याइतका नियमित पालक आमच्याकडे दुसरा नाही. पालक-शिक्षक संघाचे सदस्य होता का?”

ते ओशाळले. म्हणाले, “बाई, पोरं गयावया करत्यात. घरात सांगितलं तर बा मारतोय म्हणत्यात. मग येतो आपला.”

“तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत आहेत?”

“पोरगी हाय. तिकडं, स्टेशनच्या अंगाला.”

“मग तिथल्या सभांना जाता की नाही?”

“न्हाय बाई,” ते म्हणाले. “तिथं भ्या वाटतंय.”

मी तेव्हा हसले होते. शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलंही होतं.

हत्तरकी सर मात्र हसले नाहीत. ते हसत नसतच. गणिताचे शिक्षक, मूळ गडहिंग्लजचे, घरी निम्मं कन्नड बोलणारे. आई-वडील आणि बायको गावाकडे, हे इथं एका खोलीत भाड्यानं राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जायचे. शुभ्र पांढरा शर्ट. त्यावर खडूचा ठिपका पडला तरी पाढा चुकल्यासारखं तोंड करायचे. शिकवायचे असे की मठ्ठातल्या मठ्ठ पोराच्या डोक्यात प्रमेय उतरावं. पण माणसांशी बोलायची वेळ आली की त्यांना काही सुचत नसे, आणि न सुचलं की ते रागावत.

त्या वर्षीच्या पालकसभेत असंच झालं. सभा आम्ही शनिवारी अकराला ठेवायचो, कारण शनिवारी सकाळची शाळा आणि त्यानंतर आम्हाला सोयीचं. पालक मुलांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले. हत्तरकी सर आठवीचे गुण मोठ्यानं वाचून दाखवत होते. नाव वाचायचं, गुण वाचायचे, पालकानं उभं राहायचं, चार शब्द ऐकायचे आणि बसायचं. हीच आमची पद्धत होती.

सभा निम्मी झाल्यावर दारात एक बाई आल्या. धापा टाकत, पदराला हात पुसत. मसाल्याचा वास त्यांच्याआधी वर्गात आला. सरांनी विचारलं, “कुणाच्या पालक?”

“प्राजक्ताची आई की.”

“सभा किती वाजता होती?”

“हातातलं सोडून येता येईना सर. पळतच आलतो.”

इथं एक खुलासा करते. कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणते. पुण्याहून आलेल्या आमच्या मराठीच्या बाईंना हे ऐकून पहिलं वर्षभर डोकं दुखायचं.

हत्तरकी सर म्हणाले, “ही शाळा आहे. खानावळ नव्हे, वाटेल तेव्हा यावं आणि ताट मागावं.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांना वाटलं आपला विनोद जमला. ते बिचारे आयुष्यात पहिल्यांदा विनोदी ठरले होते, म्हणून त्यांचा चेहराही जरा उजळला. त्यांना ठाऊक नव्हतं की समोरच्या बाईंची उद्यमनगरात खानावळच होती. लोक त्याला हसत होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, खानावळीत आलेल्याला आधी बसा म्हणत्यात.” आणि आल्या तशा परत गेल्या.

त्या सुनंदाक्का. त्यानंतर त्या शाळेत आल्या नाहीत. पुढच्या सभेला त्यांच्या गल्लीतलं कुणीच आलं नाही. आम्ही सभेच्या अहवालात ‘पालकांचा प्रतिसाद अल्प’ असं लिहिलं आणि सही केली.

आता आम्ही का सुधारलो त्याचं खरं कारण सांगते. शाळेत वर्गाच्या तुकड्या असतात. मुलं कमी झाली की तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त म्हणजे त्याची नोकरी राहते, पण शाळा जाते, शासन पाठवील तिथं जायचं. त्यामुळे मराठी शाळांचे शिक्षक एप्रिल-मेमध्ये चौथी पास झालेल्या मुलांच्या घरी दारोदार फिरतात. वर्षभर ज्यांना व्हरांड्यात उभं केलं त्यांच्याच दारात उन्हातान्हात जाऊन उभं राहायचं आणि “आपली शाळा म्हणजे एक कुटुंब आहे,” असं म्हणायचं. पालकांचं स्वागत करण्याची प्रेरणा आम्हाला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून मिळाली असं मी भाषणांत सांगत असे. पोटावर पाय आल्यावर मिळाली, हे इथं सांगते.

त्या वर्षी पाचवीची तुकडी तुटायच्या बेतात होती, आणि तुटली तर जाणारा माणूस होता हत्तरकी सर. हिशेब सरळ होता. सुनंदाक्कांची धाकटी समीक्षा चौथीतून बाहेर पडत होती. त्या गल्लीत कुणाचं पोर कुठल्या शाळेत घालायचं हे सुनंदाक्कांना विचारल्याशिवाय ठरत नसे. आणि सुनंदाक्का धाकटीला इंग्रजी शाळेत घालणार अशी बातमी होती.

मी सरांना म्हटलं, “चला, खानावळीत जाऊ.”

“मी आलो तर होणारं कामही होणार नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही आला नाहीत तर मी तिथं कुणासाठी बोलू?”

दुपारची गर्दी ओसरल्यावर आम्ही गेलो. पत्र्याची शेड, लांब बाकडी, दोन-चार कामगार शेवटचा घास संपवत होते. सुनंदाक्का चुलीपुढं. मला वाटलं होतं, ओळख दाखवणार नाहीत, किंवा ठेवणीतलं काहीतरी ऐकवतील. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “या बाई. या सर. बसा.”

मी म्हटलं, “आम्ही जरा कामासाठी आलो होतो.”

“काम हुईल की. आदी जेवा.”

कोल्हापुरात याच्यापुढे वाद चालत नाही. ताटं आली. भाकरी, आमटी, झुणका, खर्डा. त्यांनी सरांच्या ताटात वाढताना पातेलं वेगळं घेतलं, ते माझ्या ध्यानात आलं, पण कारण कळलं नाही. सरांनी आमटीचा पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग मान वर करून समोरच्या फळीकडं पाहिलं. तिथं रात्रीच्या डब्यांची रांग लावलेली होती आणि प्रत्येक डब्याला नावाची चिठ्ठी अडकवलेली. मधल्या एका डब्यावर लिहिलं होतं, ‘हत्तरकी सर, शाकाहारी’.

सर खरकट्या हातानं उभे राहिले. “हा डबा...”

“तुमचाच हाय. बसा, ताटावरनं उठू नका.”

सरांच्या घरमालकानं डबा लावून दिला होता. स्कूटरवरचा एक माणूस दारात ठेवून जायचा आणि रिकामा घेऊन जायचा. तो कुठून येतो हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या आमटीची तारीफ आम्ही कितीदा ऐकली होती. त्यांच्या तोंडून निघणारे तेवढेच काय ते गोड शब्द.

“तुम्हाला माहीत होतं?” सरांनी विचारलं.

“असलं आडनाव कोल्हापुरात किती जणांचं हाय? प्राजक्तानं शाळेतल्या सरांचं नाव सांगितलं तवाच कळलं. तुम्ही मटण-बिटण खात न्हाय म्हणून तुमचं पातेलं येगळं ठेवलंय. त्यात दुसरं काय शिजत न्हाय.” सुनंदाक्का भाकरी थापता थापता बोलत होत्या, सरांकडं न बघता. “त्या दिशी सभेला तेच इचारायला आलतो. म्हटलं पोरीचे सर हायती, डबा बरा लागतोय का, तिखट जास्त हुतंय का, तोंडानं इचारावं एकदा.”

शेवटचा कामगार हात धुवायचा थांबला होता.

“सभेनंतर?” सर म्हणाले. “सभेनंतरही डबा तसाच येत होता.”

“मग काय करू? एक दिस मनात आलतं, मूठभर मीठ जास्त टाकावं. हातात घेतलं बी हुतं. पर आमटीनं माझं काय वाकडं केलंय?”

सरांनी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले. ते म्हणाले, “मला गणित येतं. बोलता येत नाही.”

“ते ठावं हाय मला,” सुनंदाक्का म्हणाल्या. “पोरगी रोज सांगती. सर शिकवत्यात लई चांगलं, पर बोलले की रडू येतंय म्हणती.”

मग मी समीक्षाचा विषय काढला. तुकडीचं, सरांचं, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“इंग्रजी शाळेत गेलतो मी,” त्या म्हणाल्या. “गार हवेचं मशीन हाय. एक पोरगी हसून प्लीज बसा म्हणाली. बसलो. फी आयकली आन्‌ उठलो. पर खरं सांगू का बाई, ते बसा म्हटलेलं लई बरं वाटलं. गल्लीतल्या बाया मला इचारत्यात, पोरगं कुठं घालू? मी काय सांगू? माझी पोरगी त्या शाळेत जाती, पर मी न्हाय जात, असं सांगू?”

“काय केलं तर याल?”

“बसायला द्या. जेवणाच्या वक्ताला सभा ठेवू नका, त्या वक्ताला आमच्यातलं कोण रिकामं असतंय? आन्‌ माझ्या पोरीचे मार्क मला सांगा की. गल्लीला कशापायी सांगताय?”

एवढंच होतं. माझ्या कपाटात पालक सहभागाच्या प्रशिक्षणांच्या पुस्तिकांची चळत होती, तीत हे तिन्ही मुद्दे जड मराठीत असणार. मी ती उघडून पाहिली नव्हती.

शिक्षकांच्या बैठकीत संध्याकाळच्या सभेला भरपूर विरोध झाला. कुणाला घर लांब, कुणाच्या सासूचं पथ्य. मराठीच्या बाई म्हणाल्या, “संध्याकाळी हे लोक कुठल्या अवस्थेत येतील कोण जाणे.” त्यावर हत्तरकी सर उठून म्हणाले, “पहिली सभा मी घेतो. कुणी थांबलं नाही तरी चालेल.” ते वर्गाबाहेरसुद्धा बोलतात हे पाहूनच बरेच जण गप्प झाले.

खुर्च्यांसाठी मी सभागृह उघडलं. पाहुण्यांसाठी घेतलेल्या पांढऱ्या खुर्च्या तिथं प्लॅस्टिकच्या वेष्टणात होत्या. वेष्टण काढू का म्हणून अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, “खराब होतील हो बाई.” मी म्हटलं, “बसल्यावर खुर्ची जेवढी खराब होते तेवढीच होईल.” आणि ते पुढं काही बोलायच्या आत फोन ठेवला. माझ्या नोकरीतलं सर्वांत मोठं बंड ते एवढंच.

सभेच्या दिवशी हत्तरकी सर फाटकापाशी स्वतः उभे राहिले. ‘बसा’ हा शब्द त्यांनी घोकून तयार केला होता, पण आवाज वर्गातलाच होता. पहिले पालक आले, सर गरजले, “बसा.” तो मोल्डर इतका दचकला की तिथंच पायरीवर बसला. म्हादूमामानं त्याला उठवून खुर्चीपर्यंत नेलं. मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, “सर, जरा हळू. शिक्षा नाही करायची कुणाला.”

फौंड्र्यांची पाळी सुटल्यावर लोक थेट कामावरून येत होते. बरेच जण भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या आणि माणसं उभी, असं दृश्य. सर एकाला म्हणाले, “बसा की.” तो म्हणाला, “नगं सर. कपडं काळं हायती, खुर्ची खराब हुईल.” सरांनी त्याचा हात धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं. सरांच्या पांढऱ्या बाहीवर त्याची पाची बोटं काळी उठली. सरांनी एकदा बाहीकडं पाहिलं. आम्ही सगळे श्वास रोखून. त्यांनी बाही दुमडली आणि पुढच्या माणसाकडं वळले.

ती सभा चांगली झाली असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच बसायला मिळाल्यावर लोक उठायला तयार नव्हते. गटाराचा प्रश्न निघाला, नळाला पाणी कमी येतं तो निघाला, एका आजोबांनी आपल्या वेळचं शिक्षण किती चांगलं होतं ते सविस्तर सांगितलं आणि शेवटी ते स्वतः दुसरीतून पळाले होते हेही सांगितलं. अखेर सुनंदाक्का उठून म्हणाल्या, “गटाराचं नगरसेवकाला सांगा. मास्तर काय गटार काढणार हाय?” मग एकेकानं सरांजवळ जाऊन आपल्या पोराचे गुण हळू आवाजात विचारले. सरांना हळू बोलायची सवय नव्हती, त्यामुळे अर्धे गुण सभागृहाला कळलेच. पण प्रयत्न दिसत होता, आणि लोकांनी तो मोजला.

समीक्षा पाचवीत आमच्याकडे आली. तिच्यामागून गल्ली आली. तुकडी वाचली. सरांचा डबा चालूच राहिला. फक्त आता तो स्कूटरवरून येत नसे, सर संध्याकाळी स्वतः जाऊन आणत, आणि प्राजक्ताला तिथंच बाकड्यावर दोन गणितं घालून येत. पोरीला त्याचा भारी वैताग होता.

हे इथंच संपलं असतं तर मी ही गोष्ट जास्त अभिमानानं सांगितली असती. पण आणखी काही वर्षांनी तुकडी तुटलीच. आम्ही पालकांना बसा म्हणायला शिकलो तोवर गल्लीत पोरंच कमी झाली होती. लोक कामाच्या मागे कबनूरला, हातकणंगल्याकडं हलले. हत्तरकी सर अतिरिक्त ठरले आणि पन्हाळा तालुक्यात कोडोलीच्या शाळेत गेले. निरोपाला पालक भरपूर आले. सरांनी भाषण केलं, ते चार वाक्यांचं होतं आणि त्यातलं एक गणिताचं होतं. त्यानंतर मीही निवृत्त झाले. ही अक्कल आपल्याला दहा-पंधरा वर्षं आधी सुचायला हवी होती, हे अधूनमधून मनात येतं. आलं की मी भाजी निवडायला घेते.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज दबका. मी घाबरले, म्हटलं काय झालं?

“काही नाही बाई. एका पालकाच्या घरी आलोय. घरामागच्या परड्यात उभा राहून बोलतोय.”

“काय केलं पोरानं?”

“काही केलं नाही, तेच तर. वर्गात आज त्यानं एक प्रश्न विचारला. इतका चांगला प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं, घरी जाऊन सांगावं. इथं गणिताचे सर घरी आले म्हणताच आजी रडायला लागली. बापानं उसाला पाणी सोडलं होतं, तो ते टाकून पळत आला. मी सांगतोय, तुमचं पोरगं हुशार आहे, हेच सांगायला आलोय. तो ऐकतोय, मान हलवतोय, आणि मी थांबलो की पोराकडं वळून म्हणतोय, आता खरं सांग, काय केलंस?”

मला हसू आवरेना. “मग निघा की आता.”

“कसं निघू?” हत्तरकी सर म्हणाले. “मी गेलो की पोरगं मार खाणार. बापाची खात्री पटेपर्यंत बसावं लागणार.” मागून कुणीतरी हाक मारली. “बाई, ठेवतो. जेवायला बसा म्हणतायत.”